वळण

त्या सोमवारी पहाटे सहाला
सामोआतला रस्ता कूस बदलणार होता.
रेडिओ आठवडाभर एकच पालुपद लावून :
आजवर उजवीकडून चाललात, आता डावीकडून.
आमच्या गावात कुणी म्हणालं,
डुकरांना कोण सांगणार?

बाबांनी मोठ्या पातेल्याचं झाकण घेतलं,
चटईवर मांडी घातली
आणि बस नेली आपिआपर्यंत, आणली,
जेवण होण्याआधी पुन्हा नेली.
आई नीरफणस भाजत होती, म्हणाली,
"उएलेसे, माझ्या स्टॉपवर थांबला नाहीस."
डाव्या मनगटाला त्यांनी लाल चिंधी बांधली.
तेवीस वर्षांचे हात,
ते चिंधीला कुठले घाबरतात!

बस लाकडी होती, आमच्याच अंगणात ठोकलेली.
दार उजवीकडे.
रस्ता हलला, दार जिथल्या तिथे,
आता ते भर रस्त्यात उघडायचं,
घराचं दार विहिरीत उघडावं तसं.
तुसिता सुताराकडे सगळे बसवाले एकदमच धावले.
आमचा नंबर अकरावा.

बाबांची सीट डावीकडे, म्हणजे आता पार कडेला,
खिडकीखाली समुद्र,
पुढच्या गाडीपलीकडचं काही दिसेना.
म्हणून मी, नऊ वर्षांची, उजव्या खिडकीत :
"थांबा."
"अजून थांबा. ट्रक."
"डुक्कर, पण बसलेलं."
"आता चला."
लोक कुणाचा तरी उजवा हात होतात,
मी बाबांचा उजवा डोळा झाले.
गाणी मोठ्यानं लावलेली असायची,
त्यावर ओरडून ओरडून घसा बसला.

चौथ्या दिवशी, चर्चच्या अलीकडे,
फेतू सवयीनं उठला,
सवयीनं उजवीकडे वळला,
सवयीनं दार ढकललं.
एक पाय बाहेर, हवेत.
मी त्याची लावालावा धरली.
ती सुटून माझ्या हातात आली,
फेतू मागे कोसळला, पावाच्या टोपलीत, उघडा,
आणि एक पिकअप आमच्या दाराला
आरसा घासून निघून गेली.

अख्खी बस हसली. फेतूही हसला.
बाबांनी गाणं बंद केलं.
मग इंजिन.
किती तरी वेळ कुणी काही बोललं नाही,
खाली लाट खडकावर येत होती, जात होती.

त्या रात्री बाबांनी स्वतःच करवत घेतली.
मी कंदील धरला.
डावीकडचं नवं दार झालं ओबडधोबड,
थोडं कललेलं, पावसात फुगून अडकणारं.
जुन्यावर आडवी फळी ठोकली.
कडी तेवढी काढायची राहिली,
आणि मासेवाली सालाइना
नाताळपर्यंत तीच कडी ओढत रस्त्यात उभी राहायची.
मी आतून ओरडायची, "आजी, इकडून!"
ती म्हणायची, "माहीत आहे गं मला."

आता मी गाडी शिकवते.
पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, किती वेगानं चालते?
मी म्हणते, आधी थांबते कशी ते बघ.
ती पाट्या तोंडपाठ करतात, परीक्षेत एकही चुकत नाही.
पण पाटी वाचतात डोळे
आणि ब्रेक दाबायचा असतो पायाला,
त्याला वाचता येत नाही.
रस्त्याला वळणं असतात,
माणसाला लावावी लागतात.
हे मी बोलत नाही.
फाटकाशी नेते, म्हणते, परत. पुन्हा परत.
कंटाळा आला? छान. आणखी एकदा.

संध्याकाळी शंख वाजतो,
गावात प्रार्थना सुरू होते, रस्ता थांबतो.
मी कडेला गाडी लावून बसते
आणि मग बाबांना चर्चकडे न्यायला घरी जाते.

बाबा आता चालवत नाहीत.
अजूनही रोज उजव्या दाराशी येतात,
कडीवर हात ठेवतात,
आत मला बघतात,
माझंच काही चुकलंय असं.
मी काच खाली करत नाही.
मग ते गाडीला वळसा घालून निघतात,
आधी इकडे पाहून, मग तिकडे,
आमच्याच अंगणात,
जिथे कोंबड्यांशिवाय
कुणाची ये-जा नाही.